सेशन संपल्यावर लॉक सोडायचं कोणी? सेशन_एंड, शटडाउन आणि आवराआवरीचा कोड

मोकळा_थ्रेड (धागाकर्ता)

मांडणी अशी आहे. वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये एखादा दस्तऐवज संपादनासाठी उघडला की डेटाबेसमधल्या त्याच्या ओळीवर लॉक (दुसऱ्याला संपादन करू न देणारी खूण) बसतं. कोणाचं लॉक आणि केव्हा घेतलं, असे दोन रकाने आहेत. ‘जतन करा’ किंवा ‘रद्द करा’ दाबलं की लॉक सुटतं. सोबत जोडलेल्या फायली जतन होईपर्यंत तात्पुरत्या फोल्डरमध्ये सेशन आयडीच्या (वापरकर्त्याच्या भेटीला, म्हणजे सेशनला, सर्व्हर देतो त्या ओळखीच्या) नावाने पडून असतात.

लोक दोन्हीपैकी कुठलंच बटण न दाबता टॅब बंद करतात. मग दस्तऐवज अडकतो आणि फायली साचतात.

एएसपी डॉट नेट, फ्रेमवर्क ४.८. ग्लोबल डॉट एएसएएक्समधल्या सेशन_एंड मध्ये (सेशन संपलं की चालणारं फंक्शन) लॉक सोडायचा आणि फोल्डर पुसायचा कोड आहे. एका सर्व्हरवर तो चालत होता. दुसरा सर्व्हर जोडला, सेशन एसक्यूएल सर्व्हरमध्ये ठेवलं, आणि तेव्हापासून सेशन_एंड एकदाही चाललेलं नाही. लॉगमध्ये एररही नाही.

हे असंच असतं का? डिप्लॉय (नवा कोड चढवणं) किंवा रीसायकलच्या (सर्व्हरची प्रोसेस नव्याने सुरू होण्याच्या) वेळी आवराआवर कुठे करायची? आणि ब्राउझर बंद झाल्याचं सर्व्हरला खात्रीने कळायची काही सोय आहे का? जावा, पीएचपी, नोडवाल्यांनीही लिहा.

जुनं_खोड

हो, असंच असतं. सेशन_एंड फक्त इनप्रॉक मोडमध्ये चालतं. तिथे सेशन म्हणजे वर्कर प्रोसेसच्या (तुमचा कोड चालवणाऱ्या प्रोसेसच्या) मेमरीतली कॅशमधली एक नोंद. मुदत संपून कॅशने ती काढली की हँडलर (इथे सेशन_एंड) हाकारला जातो. सेशन स्टेट सर्व्हरमध्ये किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये ठेवलं की मुदत संपलेल्या नोंदी तिकडेच पुसल्या जातात. एसक्यूएलच्या बाबतीत तर तो एजंटचा जॉब असतो, त्याला तुमचं अ‍ॅप्लिकेशन माहीतही नसतं. त्यामुळे एररचा प्रश्नच येत नाही, कारण तुमचा कोड कोणी बोलावलाच नाही.

इनप्रॉकमध्येही काही गोष्टी ध्यानात घ्या, हा धागा शोधून येणाऱ्यांना उपयोग होईल.

हँडलर चालतो तेव्हा कुठलीही रिक्वेस्ट सुरू नसते. एचटीटीपी कॉन्टेक्स्ट करंट नल (रिकामा) असतो, रिक्वेस्ट नाही, रिस्पॉन्स नाही, कुकी नाही. ‘सेशन संपलं की लॉगिनच्या पानावर पाठवा’ हे इथून करता येत नाही, तरी दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. फोल्डरचा पत्ता हवा असेल तर होस्टिंग एन्व्हायर्नमेंटचं मॅपपाथ वापरा. सेशनमधली मूल्यं मात्र अजून वाचता येतात.

कोड वर्कर प्रोसेसच्या खात्याने चालतो, लॉगिन केलेल्या माणसाच्या नव्हे. इम्पर्सोनेशन (वापरकर्त्याच्याच खात्याने काम करणं) लावून फायली लिहिल्या असतील तर त्या पुसायची परवानगी या खात्याला असेलच असं नाही.

सेशनमध्ये निदान एकदा काहीतरी लिहिलेलं असावं लागतं, नाहीतर संपायला सेशनच नसतं. मुदत डीफॉल्ट २० मिनिटं, आणि ती शेवटच्या रिक्वेस्टपासून मोजली जाते. सेशन अबँडन केलं (कोडमधून मुद्दाम संपवलं) तर चालू रिक्वेस्ट संपल्यावर हँडलर चालतो. आणि पानावर कुठे दर मिनिटाला सूचना आणणारी अजॅक्स रिक्वेस्ट असेल तर सेशन कधीच संपत नाही, टॅब रात्रभर उघडा असला तरी. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

मोकळा_थ्रेड

म्हणजे दोन सर्व्हर ठेवून सेशन_एंड हवं असेल तर इनप्रॉक आणि लोड बॅलन्सरवर (रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेवर) चिकट सेशन, म्हणजे एका माणसाच्या सगळ्या रिक्वेस्ट एकाच सर्व्हरकडे, हाच मार्ग?

जुनं_खोड

चालेल, पण विश्वासाचं होणार नाही. आयआयएस या वेब सर्व्हरचा अ‍ॅप्लिकेशन पूल डीफॉल्टने दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, रीसायकल होतो. २० मिनिटं रिक्वेस्ट आली नाही तर पूल स्वतःच बंद पडतो. वेब डॉट कॉन्फिग बदलली किंवा बिन फोल्डरमध्ये नवीन डीएलएल पडली की अ‍ॅप डोमेन (प्रोसेसमधली तुमच्या कोडची जागा) उतरतो. यातल्या प्रत्येक वेळी इनप्रॉक सेशन्स नाहीशी होतात, आणि त्यांच्यासाठी सेशन_एंड चालेल यावर भरवसा ठेवता येत नाही.

आता दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पूलची निष्क्रिय मुदत २० मिनिटं, सेशनचीही २०. दिवसातला शेवटचा वापरकर्ता टॅब बंद करून गेला की दोन्ही घड्याळं जवळपास एकाच क्षणापासून मोजायला लागतात. प्रोसेस आधी गेली तर त्याचं लॉक सकाळपर्यंत तसंच. ‘लॉक नेमकं रात्रीच का अडकतं’ याचं उत्तर बरेचदा हे असतं.

अ‍ॅप्लिकेशन_एंड बद्दलही सांगतो. ते प्रोसेस बंद होताना चालतं. तिथे कॉन्टेक्स्ट नाही, आणि पूलची शटडाउन मर्यादा ९० सेकंदांची. तेवढ्यात आटोपलं नाही तर प्रोसेस मारली जाते. पार्श्वभूमीत काही काम चालू असेल तर होस्टिंग एन्व्हायर्नमेंटकडे आपला ऑब्जेक्ट नोंदवा. त्याच्या स्टॉप मेथडला आधी ‘तातडी नाही’ असा इशारा येतो, आणि तुम्ही नाव काढून घेतलं नाही तर साधारण ३० सेकंदांनी ‘आता लगेच’ असा दुसरा. पहिल्या इशाऱ्याला नवीन काम उचलणं थांबवायचं, दुसऱ्याला हातातलं टाकून निघायचं.

किल_नऊ

अ‍ॅप्लिकेशन_एंड मध्ये ‘या सर्व्हरची सगळी लॉक्स सोडा’ असा कोड पुष्कळ ठिकाणी दिसतो. तो घातक आहे. आयआयएसचं रीसायकल डीफॉल्टने ओव्हरलॅप पद्धतीचं असतं: नवीन प्रोसेस आधी उभी राहते, जुनी नंतर जाते. मधल्या काळात नव्या प्रोसेसने दिलेली लॉक्सही त्याच सर्व्हरच्या नावावर असतात. जुनी प्रोसेस जाता जाता ती पुसते आणि एकाच दस्तऐवजावर दोन माणसं बसतात. अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना सगळी लॉक्स साफ करणं तर त्याहून वाईट. असलं काही करायचंच तर प्रोसेस सुरू होताना एक यादृच्छिक ओळख बनवा आणि लॉकवर सर्व्हरच्या नावाऐवजी ती लिहा.

बिनविम्याचा_बीन

जावाकडची बाजू. एचटीटीपी सेशन लिसनरमध्ये सेशन डिस्ट्रॉइड मिळतं. सर्व्हलेट २.४ पासून ते सेशन अवैध होण्यापूर्वी येतं, त्यामुळे आतले अ‍ॅट्रिब्यूट वाचता येतात. दुसरी सोय म्हणजे सेशनमध्ये ठेवलेल्या ऑब्जेक्टलाच बाइंडिंग लिसनर करणं. तो सेशनमधून निघाला की त्याचं व्हॅल्यू अनबाउंड चालतं. पण त्याच नावाने दुसरा ऑब्जेक्ट ठेवला तरी पहिल्याचं अनबाउंड चालतं, हे विसरलात तर जिवंत सेशनचं लॉक सुटेल.

टॉमकॅट या जावा सर्व्हरची डीफॉल्ट मुदत ३० मिनिटं. तपासणी सतत होत नाही: पार्श्वभूमीचा थ्रेड दर १० सेकंदांनी उठतो आणि दर सहाव्या फेरीला मुदतबाह्य सेशन्स शोधतो. म्हणजे इव्हेंट मिनिटभर उशिरा येऊ शकतो. आणि वेब डॉट एक्सएमएलमधला आकडा मिनिटांत, तर सेट मॅक्स इनअ‍ॅक्टिव्ह इंटरव्हल सेकंदांत. तिथे ३० लिहिलं की वापरकर्ते अर्ध्या मिनिटात बाहेर फेकले जातात.

टॉमकॅट ९ बंद करताना स्टँडर्ड मॅनेजर, न सांगताही, सेशन्स डिस्कवर लिहून ठेवतो आणि पुढच्या सुरुवातीला परत उचलतो. अशा सेशन्ससाठी सेशन डिस्ट्रॉइड येत नाही, कारण त्याच्या हिशेबाने ती संपलेलीच नसतात. नको असेल तर मॅनेजरचं पाथनेम रिकामं ठेवा.

अ‍ॅप्लिकेशनच्या शेवटासाठी कॉन्टेक्स्ट डिस्ट्रॉइड. तिथे तीन कामं: स्वतः सुरू केलेले थ्रेड थांबवणं, कनेक्शन पूल (डेटाबेसच्या उघड्या जोडण्यांचा साठा) बंद करणं, आणि डेटाबेसचा ड्रायव्हर अ‍ॅप्लिकेशनच्याच फोल्डरमध्ये असेल तर त्याची नोंद काढणं. हे राहिलं तर टॉमकॅट न थांबवता केलेल्या प्रत्येक डिप्लॉयमागे जुना क्लासलोडर (जुना कोड धरून ठेवणारा भाग) मेमरीत अडकून राहतो, आणि काही डिप्लॉयनंतर मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवायची मेमरी) भरतो. टॉमकॅट लॉगमध्ये कुठला थ्रेड राहिला ते नावानिशी सांगतो, पण तो इशारा कोणी वाचत नाही.

जेव्हीएमचे शटडाउन हुक (जावाची प्रोसेस बंद होताना चालणारा कोड) एकाच वेळी, कुठल्याही क्रमाने चालतात. एका हुकने पूल बंद करायचा आणि दुसऱ्याने त्याच पूलमधून लॉक सोडायचं, असं ठेवू नका. हुकच्या आतून सिस्टिम एक्झिट बोलावलंत तर प्रोसेस तिथेच लटकते.

अर्धविराम

पीएचपीत सेशन संपल्याचा इव्हेंट मुळातच नाही. रजिस्टर शटडाउन फंक्शन सापडलं की लोकांना वाटतं हेच ते. ते रिक्वेस्टच्या शेवटी चालतं, प्रत्येक रिक्वेस्टच्या. एक्झिट झालं तरी चालतं, वेळमर्यादा उलटून फेटल एरर आली तरी चालतं. प्रोसेसला बाहेरून सिग्नल देऊन मारलं तर नाही. आत फाइलचा पूर्ण पत्ता द्या, कारण काही वेब सर्व्हरखाली चालू फोल्डर तोवर बदललेलं असतं. पीएचपी एफपीएमखाली चालत असेल तर आधी फास्टसीजीआय फिनिश रिक्वेस्ट करा, म्हणजे वापरकर्ता तुमच्या झाडलोटीसाठी खोळंबत नाही.

सेशनच्या फायली पुसण्याचं काम नशिबावर सोडलेलं आहे: संभाव्यता १, भाजक १००. म्हणजे सरासरी शंभरात एका सेशन सुरुवातीला १४४० सेकंदांपेक्षा जुन्या फायली पुसल्या जातात. डेबियन आणि उबुंटूवर संभाव्यता शून्य करून ठेवलेली असते आणि दर अर्ध्या तासाला वेगळी स्क्रिप्ट साफसफाई करते. ती स्क्रिप्ट पीएचपी डॉट आयएनआयमधलाच पत्ता बघते. कोडमधून सेशनचं फोल्डर बदललंत तर तिथे कोणीच झाडू मारत नाही. फोल्डर दोन अ‍ॅप्लिकेशन्समध्ये सामायिक असेल तर ज्याची मुदत कमी, त्याच्या हिशेबाने दोघांच्या फायली उडतात.

स्वतःचा सेव्ह हँडलर लिहिलात तर त्यातल्या जीसी (साफसफाईच्या) फंक्शनला फक्त सेकंदांचा आकडा मिळतो. कुठली सेशन्स जाणार ते तुम्हीच शोधायचं.

गोगलगाय

वाचनखूण साठवली.

पण एक शंका. हे सगळं सर्व्हरच्या बाजूचं झालं. ब्राउझरमध्ये अनलोड इव्हेंटवर सेंडबीकनने ‘लॉक सोड’ असा निरोप पाठवला की काम संपलं ना? सेंडबीकन त्याचसाठी तर आहे.

पडद्याआड

नाही. एकेक घेऊ.

अनलोड वापरू नका. मोबाइलवर माणूस दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो आणि तिथूनच ब्राउझर सरकवून बंद करतो. तेव्हा अनलोड येत नाही, पेजहाइडही (पान सोडताना येणारा इव्हेंट) येत नाही. वर, अनलोड हँडलर असलेलं पान डेस्कटॉपवरच्या क्रोम आणि फायरफॉक्समध्ये मागे-पुढेच्या कॅशला (‘मागे’ दाबल्यावर लगेच दाखवायला जपलेल्या पानाला) मुकतं. क्रोम तर तो इव्हेंट टप्प्याटप्प्याने काढूनच टाकतोय. बिफोर अनलोडवर काही सोडणं चुकीचंच, कारण तिथे माणूस ‘थांबा’ म्हणू शकतो. सिंक्रोनस रिक्वेस्टचा जुना तोडगा क्रोम ८० पासून बंद आहे. उरतं ते व्हिजिबिलिटी चेंज. पान दडलं हा खात्रीने मिळणारा शेवटचा क्षण. पण दडलं म्हणजे संपलं नव्हे, माणूस नुसता शेजारच्या टॅबवर गेलेला असेल.

सेंडबीकनने ट्रू परत दिलं याचा अर्थ निरोप रांगेत लागला, एवढाच. पोहोचला की नाही ते कळत नाही. मर्यादा ६४ केबी, आणि हेडर स्वतः लावता येत नाहीत, त्यामुळे सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटवरून आलेली बनावट रिक्वेस्ट ओळखायची खूण) बॉडीतून पाठवावं लागतं.

आता खरी मेख. सेशन ब्राउझरचं असतं, टॅबचं नाही. दोन टॅब उघडे असताना एक बंद केला आणि निरोपाने सेशनच संपवलं, तर दुसऱ्या टॅबमधलं काम गेलं. पान रीफ्रेश केलं तरी पेजहाइड येतो. आणि बीकन व नव्या पानाची पहिली रिक्वेस्ट यांत आधी कोण पोहोचेल हे ठरलेलं नाही. नव्या पानाने घेतलेलं लॉक जुन्या पानाच्या उशिरा आलेल्या बीकनने सुटू शकतं.

म्हणून पान लोड होताना प्रत्येक वेळी नवं टोकन (त्या पानापुरती यादृच्छिक ओळख) बनवा, लॉक त्या टोकनच्या नावावर घ्या, आणि बीकनमध्ये तेच पाठवा. सर्व्हरने त्याच टोकनचं लॉक असेल तरच हात लावायचा.

गोगलगाय

आणि वीज गेली, नेट गेलं तर?

पडद्याआड

तर कुठलाच निरोप येत नाही. म्हणूनच लॉकला मुदत हवी.

किल_नऊ

इथेच खरं उत्तर आहे. सेशन संपल्याचा इव्हेंट, शटडाउनचा हुक, ब्राउझरचा निरोप, तिन्ही कधी ना कधी चुकतात. ते आले तर लॉक लवकर सुटावं, न आले तर उशिरा सुटावं, पण सुटायला त्यांची गरज पडू नये. धागाकर्त्याच्या तक्त्यात ‘केव्हा घेतलं’ हा रकाना आहे, त्याऐवजी ‘केव्हापर्यंत’ हवा.

लॉक घेणं म्हणजे एकच सशर्त अपडेट:

अपडेट दस्तऐवज
सेट लॉक_कोण = मी, लॉक_टोकन = माझं_टोकन, लॉक_मुदत = आत्ता + १८० सेकंद
जिथे क्रमांक = हा
आणि (लॉक_मुदत < आत्ता किंवा लॉक_टोकन = माझं_टोकन)

एक ओळ बदलली तर लॉक मिळालं, शून्य बदलल्या तर दुसऱ्याकडे आहे. आधी सिलेक्ट करून मग अपडेट करू नका, त्या दोघांच्या मध्ये दुसरा घुसतो. ‘आत्ता’ हे डेटाबेसचं घड्याळ, वेब सर्व्हरचं नव्हे. दोन सर्व्हरच्या घड्याळांत मिनिटाचा फरक असला तर १८० सेकंदांच्या मुदतीत तो भारी पडतो.

पान उघडं असेपर्यंत दर ३० सेकंदांनी हार्टबीट (‘पान अजून उघडं आहे’ एवढाच निरोप) पाठवून मुदत पुढे सरकवायची. १८० का, तर क्रोम ८८ पासून पाच मिनिटं दडलेल्या टॅबमधले टायमर मिनिटाला एकदाच चालू देतो. तुमचं ३० सेकंदांचं हार्टबीट तिथे ६० सेकंदांचं होतं. एखादं हुकलं तर १२०. त्यावर थोडा श्वास.

पेजहाइडवर लॉक सोडू नका, मुदत ३० सेकंदांवर आणा. माणूस ‘मागे’ दाबून परत आला तर पेजशो मध्ये पुन्हा वाढवा. गेला असेल तर अर्ध्या मिनिटात दस्तऐवज मोकळा.

आणि जतन करताना अपडेटच्या अटीत टोकन घालाच. लॅपटॉप झाकला की हार्टबीट थांबतं, तीन मिनिटांत लॉक दुसऱ्याला मिळतं, मग पहिला झाकण उघडून ‘जतन करा’ दाबतो. टोकन जुळलं नाही तर शून्य ओळी बदलतात. तेव्हा त्याचा मजकूर फेकू नका, पानावर तसाच ठेवून सांगा की दस्तऐवज दरम्यान अमुकने उघडला आहे.

जुनं_खोड

+१. एएसपी डॉट नेटवाल्यांसाठी यातली एक खोच. हार्टबीटच्या हँडलरमध्ये सेशन बंद ठेवलं तरी कुकी सोबत आली की सेशनची मुदत सरकतेच. सेशन मॉड्यूल रिक्वेस्टला डेटा देत नाही, पण मुदत मात्र वाढवतं. परिणामी टॅब उघडा आहे तोवर लॉगिन जिवंत, आणि निष्क्रियतेच्या नियमाला अर्थ राहत नाही. उपाय: हार्टबीट फेचने (जावास्क्रिप्टमधून रिक्वेस्ट पाठवायची सोय) पाठवा आणि क्रेडेन्शियल्स ‘ओमिट’ ठेवा, म्हणजे कुकी जाणार नाही. ओळख पटवायला लॉकचं टोकन पुरेसं, ते सुरक्षित यादृच्छिक १२८ बिटांचं असेल तर. तो पत्ता अर्थातच लॉगिनची सक्ती नसलेला हवा, आणि लॉकची मुदत वाढवण्यापलीकडे त्याने काहीही करू नये. सेंडबीकन कुकी पाठवतोच, म्हणून पेजहाइडलाही कीपअलाइव्ह लावलेलं (पान गेल्यावरही पूर्ण होणारं) फेच वापरा. मर्यादा तीच ६४ केबी.

अर्धविराम

पीएचपीत हार्टबीटच्या स्क्रिप्टमध्ये सेशन स्टार्ट करूच नका. फाइलवर लॉक बसतं आणि त्याच माणसाची दुसरी मोठी रिक्वेस्ट चालू असेल तर हार्टबीट तिच्यामागे ताटकळतं. करावंच लागलं तर वाचून झाल्यावर लगेच सेशन राइट क्लोज.

नेहमीचा_वाचक

रेडिसमध्ये (की आणि मूल्य अशा जोड्या मेमरीत ठेवणारा डेटाबेस) सेशन ठेवून की-स्पेस सूचना चालू केल्या तर? एक्स्पायर्ड इव्हेंट येतो, मग सेशन_एंड सारखंच झालं की.

बिनविम्याचा_बीन

जवळपास, पण तीन ठिकाणी गळतं. इव्हेंट मुदत संपल्यावर नव्हे, रेडिसने ती की प्रत्यक्ष पुसल्यावर येतो. कोणी त्या कीला हात लावला नाही तर पार्श्वभूमीची साफसफाई तिथे पोहोचेपर्यंत उशीर होतो. इव्हेंट येतो तेव्हा मूल्य गेलेलं असतं, हातात फक्त कीचं नाव. आणि सूचना पब-सबने येतात, त्या क्षणी तुमचा ऐकणारा जोडलेला नसेल तर ती कायमची हुकली. क्लस्टर असेल तर प्रत्येक नोडवर वेगळं ऐकावं लागतं, कारण सूचना त्या त्या नोडपुरतीच असते.

स्प्रिंग सेशन या जावा लायब्ररीची तऱ्हा बघण्यासारखी आहे. ते मूळ डेटाची की ठरलेल्या मुदतीपेक्षा पाच मिनिटं जास्त ठेवतं. ३० मिनिटांचं सेशन असेल तर २१०० सेकंद. नेमक्या मुदतीची एक रिकामी की वेगळी. ती मेली की इव्हेंट, आणि डेटा अजून वाचता येतो. शिवाय कुठल्या मिनिटाला कोण संपणार याची यादी ठेवून त्या कीला मुद्दाम हात लावतं, म्हणजे पुसणं लांबत नाही. एवढा खटाटोप ‘इव्हेंट वेळेवर यावा’ म्हणून, आणि तरी ऐकणारा बंद असेल तर हुकतोच.

नेहमीचा_वाचक

आणि पोस्टग्रेसचं अ‍ॅडव्हायजरी लॉक? कनेक्शन तुटलं की आपोआप सुटतं.

किल_नऊ

ते डेटाबेसच्या सेशनला बांधलेलं असतं, वापरकर्त्याच्या नव्हे. पूलमधलं कनेक्शन रिक्वेस्ट संपली की दुसऱ्याच्या हातात जातं, लॉकसकट. मध्ये ट्रान्झॅक्शन मोडमधला पीजीबाउन्सर (कनेक्शन्स वाटून देणारा मध्यस्थ) असेल तर घेणारं आणि सोडणारं कनेक्शन एकच असेल याचीही हमी नाही. माणसाच्या वेगाने चालणाऱ्या कामाला ते नाहीच.

शांत_बंद

नोड आणि कंटेनरबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून.

सर्व्हर थांबवताना सिगटर्म (‘थांब’ असा सिग्नल) येतो. त्याला हँडलर लावला की प्रोसेस आपोआप मरणं बंद होतं, शेवटी स्वतः बाहेर पडावं लागतं. एक्झिट इव्हेंटमध्ये फक्त सिंक्रोनस कोड चालतो. तिथे डेटाबेसला पाठवलेली क्वेरी जातच नाही. पायथॉनमध्ये सिगटर्मला हँडलर नसेल तर अ‍ॅटएक्झिट चालत नाही, हेही असंच चकवणारं.

क्रम महत्त्वाचा. आधी ‘मी तयार नाही’ असं हेल्थ चेकला सांगा, मग नवीन कनेक्शन घेणं थांबवा, हातातल्या रिक्वेस्ट संपू द्या, पार्श्वभूमीची कामं थांबवा आणि सगळ्यात शेवटी डेटाबेसचा पूल. बहुतेक जण पूल पहिल्यांदा बंद करतात, मग उरलेल्या रिक्वेस्ट एररने मरतात. वेबसॉकेट उघडी असतील तर सर्व्हर क्लोज त्यांच्यासाठी थांबून राहतो. ती स्वतः बंद करा, कोड १००१.

वेळ किती मिळतो? डॉकर स्टॉप १० सेकंद, कुबर्नेटीस ३० सेकंद, सिस्टिमडी साधारण ९०. त्यानंतर सिगकिल, तो पकडता येत नाही. कुबर्नेटीसमध्ये प्रीस्टॉप (थांबवण्याआधी चालणाऱ्या) हुकचा वेळ त्या ३० मध्येच धरला जातो. तिथे ५ ते १० सेकंदांची झोप टाकतात, कारण पॉडला (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाला) सिगटर्म जाणं आणि सर्व्हिसच्या यादीतून त्याचं नाव निघणं ही कामं समांतर चालतात. झोप नसेल तर बंद पडणाऱ्या पॉडकडे रिक्वेस्ट येत राहतात.

हँडलर चालतच नसेल तर डॉकरफाइल बघा. सीएमडी शेलच्या रूपात लिहिली असेल तर पहिल्या क्रमांकाची प्रोसेस म्हणजे शेल, आणि तो सिग्नल पुढे देत नाही. चौकटी कंसातल्या रूपात लिहा. कंटेनर १३७ ने संपला तर सिगकिल बसला, १४३ म्हणजे सिगटर्मने गेला.

नव्या डॉट नेटवर जाणाऱ्यांसाठी: एएसपी डॉट नेट कोअरमध्ये सेशन_एंड नाहीच. अ‍ॅप्लिकेशन स्टॉपिंग मिळतं, आणि होस्टची शटडाउन मुदत डॉट नेट ६ पासून ३० सेकंद, त्याआधी ५. सिग्नलआर (ब्राउझरशी जोडणी सतत उघडी ठेवणारी लायब्ररी) वापरत असाल तर ऑन डिस्कनेक्टेड येतं. मात्र तार तुटली तर क्लायंट गेल्याचं सर्व्हरला डीफॉल्टने ३० सेकंदांनी समजतं. साध्या टीसीपीवर सोडलं असतं तर लिनक्सचा कीपअलाइव्ह पहिला प्रश्न विचारायलाच ७२०० सेकंद घेतो.

मोकळा_थ्रेड

लॉकचं कळलं. मुदत लॉक घेतानाच तपासली जाते, म्हणजे मुदतबाह्य लॉक पुसायला जॉबसुद्धा लागत नाही. फायलींचं काय? त्या आपोआप मुदतबाह्य होत नाहीत.

किल_नऊ

फायलींना झाडूवाला जॉब लागतोच. सेशन आयडीच्या नावाचं फोल्डर मात्र बंद करा. लॉगिननंतर सेशन आयडी बदलणं ही सुरक्षेची साधी गरज, आणि तो बदलला की फोल्डर पोरकं. शिवाय आयडी डिस्कवर आणि लॉगमध्ये सांडतो. प्रत्येक अपलोडला स्वतःचा क्रमांक द्या आणि तक्त्यात एक ओळ: पत्ता, स्थिती, केव्हा आली.

जॉब दर १० मिनिटांनी, एका वेळी १०० ओळी. २४ तासांपेक्षा जुन्या आणि दस्तऐवजाला न जोडलेल्या. आधी स्थिती ‘पुसायची’ करा, मग फाइल पुसा, मग ओळ काढा. याच क्रमाने. ओळ आधी काढली आणि मध्येच प्रोसेस मेली तर फाइल कोणाच्याच हिशेबात राहत नाही. वर सांगितलेल्या क्रमात फाइल पुसल्यावर मेली तर पुढच्या फेरीत फाइल सापडत नाही, ती एरर न मानता यश माना आणि ओळ काढा. ‘जतन करा’चा कोड स्थिती अजून ‘तात्पुरती’ असेल तरच जोडणी करेल, म्हणजे जतन आणि झाडू एकाच फाइलवर भिडले तरी एकच जिंकतो.

दोन्ही सर्व्हरवर जॉब चालला तरी बिघडत नाही. पोस्टग्रेस ९.५ किंवा मायएसक्यूएल ८ असेल तर ओळी उचलताना ‘स्किप लॉक्ड’ लावा, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘रीडपास्ट’. मग दोघे एकमेकांच्या ओळींवर अडत नाहीत.

पडद्याआड

चाचणीबद्दल. ‘लॉगआउट केल्यावर लॉक सुटतं’ ही चाचणी सगळे करतात, त्यातून काही सिद्ध होत नाही. दस्तऐवज उघडा ठेवून वर्कर प्रोसेस टास्क मॅनेजरमधून मारा. नेटची तार काढा, पाच मिनिटांनी लावा, मग जतन करा. एकच दस्तऐवज दोन टॅबमध्ये उघडून पहिला बंद करा. टॅब दहा मिनिटं मागे ठेवून लॉक टिकतं का बघा. आणि फोनवर ब्राउझर सरकवून बंद करा. प्रत्येक वेळी दोन गोष्टी मोजा: लॉक किती सेकंदांत सुटलं, आणि मधल्या काळात दुसऱ्याला ते चुकून मिळालं का.

मोकळा_थ्रेड

मुदतीचा रकाना जोडून जुना ‘केव्हा घेतलं’ काढायचा विचार आहे. चालू डेटावर थेट करता येईल का?

किल_नऊ

येईल, पण रिकाम्या मुदतीकडे लक्ष द्या. नवा रकाना जोडला की जुन्या ओळींत नल असणार, आणि ‘नल < आत्ता’ ही तुलना खरी ठरत नाही. वरच्या अपडेटने त्या दस्तऐवजांचं लॉक कोणालाच मिळणार नाही, मोकळ्या दस्तऐवजांचंसुद्धा. रकाना जोडतानाच जुन्या ओळींत मागची एखादी तारीख भरा आणि नॉट नल लावा. लॉक सोडतानाही नल लिहायचं नाही, मुदत ‘आत्ता’ करायची आणि टोकन रिकामं करायचं. जुना कोड दोन्ही सर्व्हरवरून पूर्ण निघाल्यानंतरच जुना रकाना काढा. तोवर तो न वापरता तसाच राहू द्या.

आणि हा बदल कोणी संपादन करत नसेल अशा वेळी करा. जुन्या पद्धतीने घेतलेली लॉक्स नव्या कोडला मुदत संपलेलीच दिसतील.

मोकळा_थ्रेड

हे शेवटचं महत्त्वाचं. बदलाच्या वेळी जी लॉक्स लागलेली असतील त्यांच्या मुदतीत मागच्या तारखेऐवजी आत्ता + ३० मिनिटं भरतो.

किल_नऊ

चालेल. त्या ओळींत टोकन नसेल, त्यामुळे जुन्या पानावरून आलेलं जतन नव्या कोडकडे नाकारलं जाईल. तेवढ्यापुरतं ‘टोकन रिकामं आणि लॉक_कोण मीच’ अशी जास्तीची अट जतनाच्या अपडेटमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी काढून टाका.